मुकेशची अकरा मिनिटं

९ जानेवारी २०२४

आज दुकानात एक बाई आली आणि रडली नाही.

गेलेल्या माणसाचा फोटो मोठा करून घ्यायला येणारे लोक काउंटरवर रडतात, हा माझा सतरा वर्षांचा अनुभव आहे. पाकिटातून फोटो काढतानाच सुरुवात होते. मग मी पाण्याची बाटली पुढे करतो आणि फ्रेम काळी हवी की सोनेरी ते विचारतो. ही बाई लग्नाचा ग्रुप फोटो घेऊन आली होती. नवरदेवाच्या शेजारी उभ्या असलेल्या पोरावर बोट ठेवून म्हणाली, एवढा एकटा काढून द्या. फोटो माझाच, उल्हासनगर कॅम्प चारच्या हॉलमधल्या लग्नातला. पोराच्या खांद्यावर नवरदेवाचा हात आहे, तो नीट निघणार नाही, असं मी सांगितलं. तर म्हणाली, "राहू द्या हात. मुकेशचाच आहे."

नाव यशोधरा. बदलापूरला शिरगावात राहते, उल्हासनगरच्या जीन्स कारखान्यांतून येणाऱ्या मालाचे धागे घरी बसून कापते. मुलगा राजरत्न, चोवीस वर्षांचा. गेल्या फेब्रुवारीत अंबरनाथला आनंदनगरच्या एका केमिकल कंपनीत टाकी साफ करताना गुदमरून गेला. मुकेश त्याच्यासोबत कामाला होता. हे सगळं तिने दुसऱ्या कोणाचं तरी सांगावं तसं सांगितलं. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

सतरा वर्षं मी नवऱ्यांना घोड्यावर आणि नवऱ्यांच्या मामांना नाचताना शूट केलंय. आपल्याला खरा सिनेमा करता येतो हे मला माहीत होतं, फक्त माणूस सापडत नव्हता. आज तो सापडला. घरी बायकोला, शालनला, सांगितलं तर ती म्हणाली, "अहो, तिचा मुलगा गेलाय." जणू ते मला कळलंच नव्हतं.

१४ जानेवारी

फोटो द्यायच्या निमित्ताने शिरगावला गेलो. तिसरा मजला, एक खोली आणि स्वयंपाकघर. दारात ती "जय भीम" म्हणाली, मी "नमस्कार" म्हणालो. खोलीत कमरेएवढा जीन्सचा ढीग, खिडकीतून त्यावर ऊन. असं दृश्य मांडायला लोकांना सेट लावावा लागतो.

सिनेमाचं विचारलं. तिने लगेच होकार दिला नाही. आतून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला एक कागद आणला. कंपनीने सरकारी ऑफिसला दिलेला अहवाल. त्यातली एक ओळ तिने पेनाने अधोरेखित केली होती. मयत कामगार ड्युटी संपल्यावर, टाकीत पडलेला स्वतःचा मोबाइल काढण्यासाठी, कोणालाही न सांगता आत उतरला. ही ओळ तिला खोडून हवी आहे. भरपाईचं तिने नावही काढलं नाही. "माझा मुलगा मोबाइलसाठी मेला असं लिहिलंय, दादा. त्याला सांगितलं म्हणून तो उतरला. हे मी पिक्चरमध्ये बोलू शकते ना?"

मी म्हणालो, काय वाटेल ते बोला. यात खोटं काहीच नव्हतं.

लग्नाच्या बुकिंगचाच फॉर्म होता जवळ. त्यावरचं वधूपक्ष-वरपक्ष खोडलं, कार्यक्रमाचे स्वरूप या रकान्यात 'चित्रपट' लिहिलं आणि सही घेतली. खाली नेहमीची अट छापलेली आहे, की फायनल कॉपी दिल्यावर मूळ शूटिंग ठेवलं जाणार नाही. तिने सगळा फॉर्म वाचला. लग्नवाले कधी वाचत नाहीत.

२१ जानेवारी

पहिला दिवस. कॅमेऱ्यावर मी, आवाजावर शालन. लग्नात आवाज कोण बघतंय, वर गाणं टाकतो आम्ही. त्यामुळे शालनने आयुष्यात पहिल्यांदा कानाला हेडफोन लावून चार तास काढले.

भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांचे फोटो, मध्ये आता राजरत्नचा. फ्रेम भरून जात होती. बघणाऱ्याचं लक्ष बाईवर राहायला हवं, बाकी सगळं विषयांतर. दोन मोठे फोटो तेवढ्यापुरते काढा म्हणालो. ती कात्री खाली ठेवून म्हणाली, "ते निघणार नाहीत. तुम्ही तुमचा कॅमेरा हलवा." मग मुलासमोर समई तरी लावा म्हटलं, तेलाच्या ज्योतीचा उजेड चेहऱ्यावर छान पडतो. तर आमच्यात मेणबत्ती लावतात म्हणाली. बरं, मेणबत्ती. मला राग आला होता, पण दाखवला नाही. शेवटी कॅमेरा हलवला. भिंत रिकामी दिसेल असा कोपरा सापडला, आणि खरं सांगायचं तर तो जास्त चांगला आहे.

चाळीस मिनिटं सलग धागे कापताना घेतलं. ती मध्येच विचारायची, "आता बोलू?" मी म्हणायचो, थांबा थोडं.

४ फेब्रुवारी

बाई बोलते. फार बोलते. राजरत्नला कारलं आवडायचं, पायाला घाम यायचा म्हणून तो मोजे घालायचा नाही, बारावीला अठ्ठावन्न टक्के, सुपरवायझरचं नाव काय, टाकीचं झाकण कुठल्या बाजूला उघडतं. मी डोक्याला हात लावून बसलो. गूढ बाई बोलायला लागली की शेजारीण होते.

तिला अडवावं तर ती आखडते आणि चेहरा बिघडतो. म्हणून आज एक युक्ती केली. कॅमेरा बंद झाल्याचं खोटंच सांगितलं, आणि ती गप्प झाली तसं खरं शूटिंग केलं. बोलून झाल्यावरचे ते दीड-दोन मिनिटांचे चेहरे हाच माझा सिनेमा आहे. शालन हे बघत होती.

११ फेब्रुवारी

राजरत्नचा पहिला स्मृतिदिन. पांढऱ्या साड्यांतल्या बाया, वंदना, खीर. मी एका कोपऱ्यात होतो. मला वाटलं होतं आज तरी ती मोडेल. तिने सगळ्यांना वाढलं, भांडी घासायला ठेवली, आणि पाहुणे गेल्यावर मुकेशला हाताला धरून कॅमेऱ्यासमोर आणून बसवलं. हे तिचं तिनेच ठरवलेलं.

मुकेश आधी घाबरला होता. नोकरी जाईल म्हणाला. यशोधराताई त्याच्या शेजारी बसून राहिल्या. मग तो बोलला, थांबेचना. "ड्युटी चालूच होती, मावशी. सुपरवायझर बोलला, राजरत्न तू उतर, तू बारीक आहेस. त्याने मास्क मागितला. तर बोलला, पाच मिनटाचं काम आहे, नाटक नको करू. मोबाइल तर त्याचा माझ्याकडे होता. माझ्या खिशात वाजत होता. तुम्हीच लावला होता." अकरा मिनिटं बोलला. शालनचे डोळे वाहत होते, पण हेडफोन काढला नाही तिने.

मी फ्रेम बघत होतो. मुकेश दाराच्या चौकटीत, उजेड मागून, ओठ हलतायत. बाई त्याच्याकडे बघत नाहीये, ती खिडकीकडे बघतेय. असं दृश्य पुन्हा मिळत नाही.

जाताना ताईंनी विचारलं, "आवाज नीट आलाय ना?" शालन म्हणाली, "शब्दन् शब्द आलाय."

२ एप्रिल

दोन हळदी, एक साखरपुडा. सिनेमाला हात लावला नाही. डोळे चुरचुरतात.

१७ मे

ठरलं. सिनेमात कोणी बोलणार नाही.

महिनाभर मी तिची वाक्यं लावत होतो आणि दर वेळी तो सिनेमा एखाद्या वाहिनीच्या बातमीसारखा वाटत होता. कोण दोषी, कोण निर्दोष, सुपरवायझरचं नाव. काल सहज, लग्नाच्या सवयीने, आवाजाची पट्टी बंद केली. आणि बाई एकदम मोठी झाली. तिचे ओठ हलतात आणि तिला काय सांगायचंय ते कोणालाच कळत नाही. वर फक्त पंख्याचा आणि कात्रीचा आवाज टाकला, बस. एक तास बावन्न मिनिटं. मुकेशचे मी चाळीस सेकंद ठेवलेत, तेही मुके.

शालनला दाखवला. तिने शेवटपर्यंत पाहिला आणि म्हणाली, "सगळ्यात चांगलं तेच होतं, तुम्ही काढून टाकलंत ते." सतरा वर्षांत ही बाई माझ्या कामाबद्दल एकदाही असं बोलली नव्हती.

६ नोव्हेंबर

दिवाळी संपली. पुढच्या आठवड्यात तुळशीचं लग्न आणि मग लग्नांचा सीझन, नऊ बुकिंग्ज. हार्ड डिस्क रिकाम्या करायच्या होत्या. सिनेमाची फायनल कॉपी तयार आहे, म्हणजे नियमाप्रमाणे मूळ शूटिंग काढायचं.

शालन म्हणाली, "चित्र जाऊ दे. आवाज तरी ठेवा. आवाजाला कितीशी जागा लागते?" बरोबर होतं तिचं. मुकेशची अकरा मिनिटं माझ्या मोबाइलमध्येसुद्धा मावली असती. मी तिला सांगितलं की विचार करतो. ती भाजी आणायला खाली उतरली, तेव्हा सगळं पुसलं.

का, ते इथे लिहायला हरकत नाही. जागेसाठी नाही. ती अकरा मिनिटं जोपर्यंत कुठेतरी आहेत तोपर्यंत माझा सिनेमा अर्धा आहे असं ती म्हणत राहणार होती. आता तो पूर्ण आहे.

तिला सांगितलं, चुकून गेलं. तिने पिशवीतली भाजी फ्रिजमध्ये लावली, एकेक.

१५ डिसेंबर

अंबरनाथच्या एका फिल्म क्लबमध्ये पहिला खेळ. साठ माणसं. विसाव्या मिनिटाला पहिली खुर्ची वाजली, मध्यंतरापर्यंत निम्मी रिकामी. मागच्या रांगेतून एक जण मोठ्याने म्हणाला, ही बाई एवढ्या पँटींचं करणार काय. लोक हसले. मला त्याचं थोबाड फोडावंसं वाटलं.

पण जे राहिले ते शेवटी उठून उभे राहिले. एक निवृत्त प्राध्यापक माइकवर बोलले की दुःखाला भाषा नसते हे इतक्या निर्दयपणे दाखवणारा मराठी सिनेमा त्यांनी पाहिला नाही, आणि ही स्त्री शेवटपर्यंत आपल्याला आत येऊ देत नाही. दुसरा एक जण म्हणाला की हा शुद्ध छळ आहे. दोघांची जुंपली. वीस मिनिटं माझ्यावरून माणसं भांडली. मी आयुष्यात इतका सुखी कधीच नव्हतो.

यशोधराताई पहिल्या रांगेत होत्या, पांढरी साडी, सोबत वस्तीतल्या आठ-दहा बाया. मी त्यांना बोलावलं होतं, काय आहे ते मात्र सांगितलं नव्हतं. सुरुवातीला त्यांचं बोलणं आलं, म्हणजे ओठ आले, तेव्हा त्या उठल्या आणि अंधारात मागे मशीनवाल्याकडे गेल्या. त्याला म्हणाल्या, "आवाज बंद पडलाय, बघा जरा." तो म्हणाला, बंद नाही पडला, असाच आहे. तरी त्या तिथेच उभ्या राहिल्या. मुकेशचा शॉट येऊन गेला, मग बसल्या.

खेळ संपल्यावर प्राध्यापक त्यांचे हात हातात घेऊन म्हणाले, तुमचं मौन विसरता येणार नाही. ताई म्हणाल्या, "मी बोलले होते, सर." प्राध्यापकांना ते वाक्यही फार आवडलं.

१९ डिसेंबर

बाहेरच्या राज्यातल्या एका महोत्सवाचं पत्र आलं. सिनेमा घ्यायची त्यांची इच्छा आहे. एकच अट, त्यातल्या स्त्रीचं नवं संमतिपत्र हवं, त्यांच्या नमुन्यात. लग्नाचा फॉर्म त्यांना चालत नाही.

खेळ झाल्यापासून ताईंचा फोन नाही. मलाच करायचं धाडस होत नाही.

२२ डिसेंबर

त्याच आल्या, विठ्ठलवाडीला घरी. मी घाबरलो होतो, पण त्यांनी सिनेमाचा विषयच काढला नाही. मुकेशला कंपनीने कायम केलंय. त्याने लिहून दिलंय की राजरत्न मोबाइलसाठी उतरला. ताईंचा फोन तो उचलत नाही. सोळा जानेवारीला कल्याणच्या सरकारी ऑफिसात शेवटची सुनावणी आहे, आणि त्यानंतर अहवालातली ती ओळ कायमची.

"पिक्चरमध्ये तुम्ही आवाज नाही घेतला. तुमचं काम तुम्हाला माहीत," त्या म्हणाल्या. "पण तुमच्याकडे तो असेल ना? मुकेश बोलला तेवढा द्या मला. दुसरं काही नको."

शालन तेव्हा अंबरनाथला आईकडे गेली होती. ती असती तर बोलून गेली असती.

मी म्हणालो, आहे. शोधून ठेवतो.

त्यांनी डोळे मिटले आणि भिंतीला टेकल्या. अकरा महिन्यांत पहिल्यांदा मी त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी पाहिलं. मग मी महोत्सवाचा कागद पुढे केला, हे एक राहिलंय म्हणालो. या वेळी त्यांनी वाचला नाही.

१३ जानेवारी २०२५

पेनड्राइव्ह दिला. त्यात मुकेशचे ते चाळीस सेकंद आहेत, सिनेमातलेच. दुसरं काय देणार? खरं सांगितलं असतं तर संमती मागे घेतली असती त्यांनी. ऑफिसातले लोक कुठे लावून बघतात, फाइलला जोडून ठेवतील. निदान तो तिथे होता आणि बोलत होता एवढं तरी दिसतं. रात्री झोप लागली नाही, ॲसिडिटी.

१६ जानेवारी

शालन मला न सांगता ताईंच्या सोबत गेली होती. तिनेच सांगितलं, स्वयंपाकघरात, माझ्याकडे पाठ करून.

ऑफिसरने पेनड्राइव्ह लावला. कॉम्प्युटर सगळ्यांकडे वळवला. मुकेश दारात, ओठ हलतायत, कात्रीचा आवाज. ऑफिसरने आवाज वाढवला, कात्री मोठी झाली. त्याने विचारलं, हा काय बोलतोय? ताईंनी सांगितलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, मुकेशच्याच शब्दांत, मोबाइल वाजत होता तिथपर्यंत. ऑफिसर भला माणूस होता, त्याने मध्ये तोडलं नाही. मग म्हणाला, हे तुम्ही सांगताय, ताई. तो काय म्हणतो?

मुकेश तिथेच बसला होता, सुपरवायझरच्या शेजारी. म्हणाला, "मावशीला धीर देत होतो, सर. ते दुःखात आहेत, त्यांना काय पण ऐकू येतं."

शालन उठून म्हणाली की हेडफोन माझ्या कानाला होता, मी ऐकलंय. ऑफिसरने विचारलं, मग रेकॉर्डिंग कुठे आहे? शालन म्हणते, तेव्हा ताईंनी वळून तिच्याकडे पाहिलं. तोपर्यंत त्यांना वाटत होतं की मी चुकीची फाइल दिली असेल, ऑफिसच्या कॉम्प्युटरमध्ये दोष असेल. शालनला खोटं बोलता आलं नाही. "माझ्या नवऱ्याने पुसलं," म्हणाली.

ओळ कायम राहिली.

हे सांगून झाल्यावर शालनने दोघांसाठी भाजी-पोळी वाढून ठेवली, आपली बॅग घेतली आणि अंबरनाथला गेली. मी फॉर्मवरच्या अटीची तिला आठवण करून देणार होतो, पण जिना उतरून गेली.

२ फेब्रुवारी

महोत्सवात निवड झाली, मुख्य विभागात. पत्रात लिहिलंय, एका अभेद्य स्त्रीचं असामान्य चित्र. आनंद सांगायला घरात कोणी नाही. शालनला मेसेज केला, तिने पाहिला, बस.

वाटलं, ताईंना सांगावं. यश त्यांचंही आहे, आणि मनात काही राहिलं असेल तर बोलून मोकळं होईल, मी ऐकून घेईन, शिव्या दिल्या तरी. बदलापूरला मिठाई घेतली आणि शिरगावला गेलो.

दार त्यांनीच उघडलं. "जय भीम" म्हणाल्या नाहीत. आत जायला वाट दिली, पाण्याचा तांब्या ठेवला आणि ढिगाजवळ जाऊन धागे कापायला बसल्या. मी निवडीचं सांगितलं. पत्र वाचून दाखवलं. मग, का कोण जाणे, खरंच चुकलं माझं असंही म्हणालो, आणि ते म्हणताना मला खरंच तसं वाटत होतं. त्यांनी मान वर केली नाही. मी म्हणालो, बोला ना ताई, काय वाटेल ते बोला. कात्री चालू राहिली.

पाऊण तास बसलो. ऊन खिडकीतून ढिगावर, ढिगावरून त्यांच्या हातावर, मग मानेवर आलं. राग नव्हता चेहऱ्यावर, दुःखही नव्हतं, मी तिथे आहे याची खूणही नव्हती. मिठाईचा डबा तसाच होता. वर्षभर मी जे तुकड्या-तुकड्यांनी, फसवून, आवाज बंद करून जोडलं ते माझ्यासमोर अखंड बसलं होतं. सिनेमात ज्यासाठी मी इतका झगडलो ते हेच, आणि सिनेमात ते नाही हे मला आज कळलं.

आणि मी कॅमेरा नेला नव्हता.

सोमवार ते बुधवार लग्नं आहेत. गुरुवार मोकळा आहे. ऊन साडेचारला खिडकीत येतं, म्हणजे चारला पोचायला हवं.